घरी बनवलेल्या सीएनसीची स्टेपर मोटर जागेवरच थरथरते. जोडणीत काय चुकले असावे?

आपण विट्याला लाकूड कोरण्यासाठी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे यंत्र बनवत आहात, नेमा २३ या प्रमाणित मापाच्या, टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या तीन स्टेपर मोटरी, त्यांना प्रवाह पुरवणारे टीबी६६०० ड्रायव्हर आणि जीआरबीएल हे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर घातलेला आर्डुइनो उनो हा छोटा नियंत्रक बोर्ड अशी जोडणी केली आहे, आणि एक्स अक्षाची मोटर फिरण्याऐवजी गुरगुरत जागेवरच थरथरते, असे आपण लिहिले आहे. हे लक्षण मला चांगलेच परिचयाचे आहे. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो आणि मिरजेतील घराच्या मागच्या खोलीत असेच एक यंत्र उभे केले आहे. शेजारी तंबोरे बनवणारे कारागीर आहेत, त्यांच्या नक्षीची पाने कापून देण्याच्या हौसेतून ते सुरू झाले.

माझा पहिला संशय कॉइलच्या, म्हणजे मोटरीतील तारेच्या वेटोळ्यांच्या, जोड्यांवर आहे. चार वायरींच्या मोटरीत दोन स्वतंत्र कॉइल असतात आणि ड्रायव्हरच्या ए+ व ए− या खुणांवर एकाच कॉइलची दोन टोके यायला हवीत. ती दोन कॉइलमध्ये विभागली गेली की मोटर नेमकी आपण वर्णन केली तशी वागते. काळी-हिरवी एक जोडी आणि लाल-निळी दुसरी, हा प्रघात बऱ्याच मोटरींत आढळतो, परंतु माझ्या तीन मोटरींपैकी एकीत तो पाळलेला नव्हता आणि रंगांवर विसंबून मी दोन रविवार वाया घालवले. म्हणून वीजपुरवठा बंद करून, मोटरीच्या वायरी ड्रायव्हरपासून सोडवून मल्टिमीटरने तपासावे: ज्या दोन वायरींत अगदी थोडा रोध दिसतो ती एक जोडी. मल्टिमीटर हाताशी नसेल तर दोन वायरींची उघडी टोके एकमेकींना टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवावा. तो एकदम जड होऊन अडखळू लागला, तर त्या दोन वायरी एकाच कॉइलच्या आहेत. जोड्या बरोबर असूनही मोटर उलट दिशेने फिरत असेल, तर एकाच कॉइलची दोन टोके अदलाबदल करावीत किंवा जीआरबीएलमधील दिशा ठरवणारी $३ ही नोंद बदलावी.

मोटर जोडलेली असताना आणि ड्रायव्हर चालू असताना वायर कधीही काढू नये किंवा लावू नये, कारण कॉइलमधील प्रवाह अचानक तुटला की उसळणारा व्होल्टेज ड्रायव्हर जाळू शकतो. माझा एक ड्रायव्हर असाच गेला, आणि तोही घाईत सैल कनेक्टर चाचपताना.

सिग्नलची बाजू सोपी आहे: ड्रायव्हरची पीयूएल− (टप्प्याचे स्पंदन) आणि डीआयआर− (दिशा) ही दोन्ही टोके आर्डुइनोच्या ग्राउंडला, एक्स अक्षासाठी पीयूएल+ दोन क्रमांकाच्या पिनला आणि डीआयआर+ पाच क्रमांकाच्या पिनला जोडावे. वायसाठी याच क्रमाने तीन व सहा, झेडसाठी चार व सात. ईएनएची, म्हणजे ड्रायव्हर चालू-बंद करणारी, टोके सुरुवातीला मोकळी ठेवली तरी चालते.

ड्रायव्हरवरील छोट्या स्विचांनी प्रवाह ठरवताना मोटरीवर २.८ अँपिअर छापलेले असले तरी आरंभ २ अँपिअरने करावा, आणि टप्पे चुकत असतील तरच वाढवावे. मोटर हाताला चटका बसेल इतकी तापली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, स्टेपर मोटरीचा तो स्वभावच आहे; ड्रायव्हर मात्र तसा तापू देऊ नये. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, १२ व्होल्टचा असेल तर वेग वाढताच मोटरीचा जोर कमी होतो, कारण कॉइलमध्ये प्रवाह चढायला वेळ पुरत नाही. मी ३६ व्होल्ट वापरतो. ड्रायव्हरवर ४२ लिहिलेले असले तरी मोटर थांबताना उलट येणाऱ्या विजेसाठी थोडी जागा राखलेली बरी. एसएमपीएसचे अर्थिंग घरच्या अर्थिंगला नक्की जोडावे.

मायक्रोस्टेपिंगमध्ये, म्हणजे एका टप्प्याचे आणखी बारीक भाग करण्यात, पुष्कळांना अधिक आकडा म्हणजे अधिक अचूकता असे वाटते. माझे मत तसे नाही. मोटर एका फेऱ्यात २०० टप्पे टाकते, १/८ मांडणीत ते १६०० होतात, आणि आपला बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारा आट्यांचा दांडा) एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकत असेल तर प्रति मिलिमीटर ३२० टप्पे येतात. हाच आकडा जीआरबीएलच्या $१०० या नोंदीत भरावा. १/३२ मांडणीत तो १२८० होतो, आणि मिनिटाला ३००० मिलिमीटर वेगाला सेकंदाला ६४,००० स्पंदने लागतात, जी उनोवरील जीआरबीएलच्या आवाक्यापलीकडे आहेत. त्याची मर्यादा साधारण ३०,००० धरावी.

हे सर्व मोटर यंत्रावर चढवण्यापूर्वी, टेबलावर शाफ्टला कागदी चिकटपट्टीचा झेंडा लावून पाहावे. यंत्रावर चढवल्यावर डायल गेज (बारीक अंतर मोजणारे घड्याळी मापक) लावून एकाच दिशेने ठरावीक अंतर सरकवून मोजावे. फरक आला तर ३२० हा आकडा लगेच बदलू नये. स्क्रूच्या यंत्रात तो फरक बहुधा मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू (आवळण्याचा छोटा स्क्रू) सैल असल्याने किंवा टप्पे गळल्याने आलेला असतो, आणि दिशा उलटवताच फरक दिसत असेल तर तो नटातील बॅकलॅश, म्हणजे मोकळी हालचाल असते. टप्पे गळत असल्यास आधी $१२० मधील प्रवेग निम्मा करून पाहावा.