धाप लागते म्हणून चालणे सोडावे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये धापेविषयीची पत्रे सर्वांत अधिक होती. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यातील गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक घरात आढळतो.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६३ आहे. आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो. आईने कधीही विडी-सिगारेट ओढलेली नाही. मात्र घरी गॅस येईपर्यंत, म्हणजे सुमारे ३५ वर्षे, तिने चुलीवर स्वयंपाक केला. गेल्या वर्षी यंत्राच्या नळीत जोराने फुंकण्याची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार, असल्याचे सांगून औषध श्वासातून ओढण्याचा पंप दिला. आता घरापासून देवळापर्यंत जातानाही ती वाटेत दोनदा थांबते. ऑक्सिमीटरवर आकडा ९५-९६ दिसतो, तरी तिला धाप लागते. आम्हांला भीती वाटते म्हणून घरातले सगळे काम आम्ही तिला बंद करायला लावले आहे आणि बाहेर जायचे असेल तर मोटरसायकलवरून नेतो. डॉक्टर मात्र तिला रोज चालायला सांगतात. त्यामुळे फुप्फुसांवर ताण येऊन आजार वाढणार नाही का?

उत्तर : आपल्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे. आईला बसवून ठेवण्याचा आपला निर्णय कितीही मायेपोटी घेतलेला असला, तरी तो बदलायला हवा. चालताना लागणाऱ्या धापेने सीओपीडी वाढत नाही. बसून राहिल्याने धाप मात्र नक्की वाढते.

निरोगी माणूस पूर्ण श्वास घेऊन जोराने फुंकला, तर साधारण तीन-चतुर्थांश हवा पहिल्या सेकंदातच बाहेर पडते. सीओपीडीमध्ये श्वासनलिका अरुंद आणि सैल झालेल्या असतात, त्यामुळे हवा आत जाते खरी, पण बाहेर पडायला तिला वेळ लागतो. आई स्वस्थ बसलेली असताना मिनिटाला १५ श्वास घेत असेल, तर एका श्वासाला ४ सेकंद मिळतात आणि तेवढ्यात तिचे भागते. ती चालू लागली आणि श्वासांची संख्या ३० झाली, की हाच वेळ २ सेकंदांवर येतो, आणि त्यातला जेमतेम निम्मा-अधिक भाग उच्छ्वासासाठी उरतो. आधीची हवा बाहेर पडलेली नसतानाच पुढचा श्वास घ्यावा लागतो. अशी हवा आत साठत जाते, छाती फुगते, श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, खाली दबून सपाट होते आणि नव्या श्वासाला जागाच उरत नाही. हे किती कष्टाचे असते, हे आपण स्वतः अनुभवून पाहू शकता. छातीभर श्वास घ्या, त्यातला थोडाच सोडा, त्यावरच पुन्हा श्वास घ्या आणि असे करत खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहा.

आकडा ९६ असतानाही धाप का लागते, याचे उत्तरही यातच आहे. ऑक्सिमीटर रक्तातला प्राणवायू दाखवतो. श्वास घेण्यासाठी छातीच्या स्नायूंना किती राबावे लागते, हे त्याला दिसत नाही. तरीही एकदा चालण्याच्या आधी, चालताना आणि थांबल्यावर, अशा तिन्ही वेळी आकडा पाहून डॉक्टरांना कळवावा, कारण काही रुग्णांमध्ये तो बसलेले असताना चांगला असतो आणि चालताना खाली येतो.

आपल्या भाषेत दमणे, दम लागणे आणि दमा हे शब्द एकाच घरातले आहेत. थकवा आणि धाप दोन्ही आपण एकाच शब्दात सांगतो. म्हणून ‘मी दमते’ असे कोणी म्हटले, की मी नेहमी विचारतो, आधी काय थांबते, छाती की पाय? अनेकांचे प्रामाणिक उत्तर ‘पाय’ असे असते. धाप लागते म्हणून माणूस कमी चालतो. कमी चालल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात. झिजलेले स्नायू थोड्याच श्रमात आम्ल तयार करू लागतात. ते आम्ल निपटायला शरीराला अधिक श्वास घ्यावा लागतो आणि तेवढ्याच अंतरासाठी पूर्वीपेक्षा अधिक धाप लागते. आपण आईचे काम थांबवले, तेव्हा हे चक्र आणखी घट्ट झाले.

यात आपला एकट्याचा दोष नाही. एके काळी डॉक्टरही अशा रुग्णांना विश्रांतीच सांगत असत. १९६०च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस पेटी यांनी रुग्णांना पद्धतशीर व्यायाम द्यायला सुरुवात केली आणि त्यातून आजची फुप्फुस पुनर्वसनाची पद्धत आकाराला आली. आठवड्यातून दोन-तीन वेळा देखरेखीखाली, असा किमान ६ ते ८ आठवड्यांचा तो कार्यक्रम असतो. त्यानंतर पुन्हा फुंकण्याची तपासणी केली, तर आकडे जवळजवळ तसेच राहतात, आणि ते पाहून पुष्कळ कुटुंबे निराश होतात. पण तोच रुग्ण अधिक अंतर चालतो, कमी वेळा थांबतो आणि धापेला कमी घाबरतो. फुप्फुस बदललेले नसते, पाय बदललेले असतात. सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो हे मोजण्याची एक साधी चाचणी असते. त्यात सुमारे ३० मीटरांची वाढ झाली, तरी ती रुग्णाला स्वतःला जाणवण्याइतकी मानली जाते.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. सुरुवातीपूर्वी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी आणि हिमोग्लोबिन करून घ्यावे. आपल्याकडील स्त्रियांमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे आणि त्याची धाप सीओपीडीच्या नावावर खपून जाते. चालण्यापूर्वी पंप घ्यायचा का, हेही विचारावे. पंपाची सवय लागते ही समजूत निराधार आहे. श्वासनलिका रुंदावल्या की आत साठणारी हवा कमी होते, म्हणजेच पंप हा चालण्याचा सोबती आहे. आई तो बरोबर ओढते का, हे मात्र दर भेटीत डॉक्टरांना दाखवावे, कारण चुकीच्या पद्धतीमुळे औषध घशातच राहते.

सपाट रस्त्यावर पाच मिनिटांपासून सुरुवात करावी. शून्य म्हणजे धाप नाही आणि दहा म्हणजे असह्य धाप असे मानले, तर तीन-चारपर्यंत धाप लागावी. एखादे छोटे वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. त्याहून वाढली की थांबावे, श्वास बसला की पुन्हा निघावे. थांबावे लागले म्हणून त्या दिवसाचे चालणे वाया गेले असे अजिबात नाही. दर आठवड्याला थोडे वाढवत एकूण २० ते ३० मिनिटांपर्यंत न्यावे. घरी खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, पाच वेळांपासून सुरू करून, मांड्यांसाठी उत्तम आहे.

धाप लागल्यावर नाकाने श्वास घेऊन, गरम चहावर फुंकर घालावी तसे ओठ आवळून, सावकाश सोडावा. घेण्याच्या दुप्पट वेळ सोडण्याला द्यावा. त्यामुळे आतल्या नलिका मिटत नाहीत आणि साठलेली हवा बाहेर पडते. देवळाच्या कट्ट्यावर बसून, कोपरे गुडघ्यांवर टेकवून थोडे पुढे झुकले तरी आराम पडतो. जवळ साधा हातपंखा ठेवावा. नाकावर आणि गालांवर गार वारा लागला की धापेची जाणीव कमी होते, हे हातपंखा देऊन केलेल्या चाचणीतही दिसले आहे.

घरकाम बंद न करता त्याची रीत बदलावी. हात खांद्याच्या वर गेले की धाप लवकर लागते, कारण खांदे-मानेचे जे स्नायू अशा रुग्णाला श्वासासाठी मदत करत असतात, तेच त्या कामात गुंततात. म्हणून कपडे वाळत घालण्याची दोरी खाली घ्यावी, केस विंचरताना कोपरे टेबलावर टेकवावीत, आंघोळ स्टुलावर बसून करावी. कणीक जमिनीवर वाकून मळण्यापेक्षा ओट्याशी उंच स्टूल घेऊन मळावी. जड भांडे उचलताना श्वास रोखू नये, उचलतानाच सोडावा. पोट गच्च भरले की श्वासपटलावर दाब येतो, म्हणून थोडे थोडे चार वेळा खावे आणि जेवल्याबरोबर चालू नये.

चालताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच थांबून डॉक्टरांना गाठावे. बेडक्याचा रंग बदलला, पायांवर सूज आली किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर तो आजार उसळल्याचा इशारा असू शकतो. त्या दिवसांत व्यायाम थांबवून आधी उपचार घ्यावेत. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींविषयीही विचारावे.

आईने विडी ओढली नाही, मग हा आजार कसा, असेही आपल्या मनात आले असेल. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की जगातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे. घरात गॅस असूनही पाणी तापवायला आजही चूल किंवा बंब पेटत असेल, तर आईला त्यापासून पूर्ण दूर ठेवावे.

प्रश्न : माझे वय ७१. नागपूरला राहतो. सीओपीडी असून बसल्या जागी ऑक्सिजन ८७ असतो. डॉक्टरांनी घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नळीने देणारे यंत्र, लावायला सांगितले. धाप लागली की मी तास-दोन तास लावतो. एरवी लावला तर शरीराला त्याची सवय लागेल असे वाटते.

उत्तर : घरचा ऑक्सिजन धापेवरचे तात्पुरते औषध म्हणून दिलेला नाही, तो हृदय आणि मेंदूला वाचवण्यासाठी आहे, म्हणून धाप असो वा नसो, दिवसाकाठी किमान १५ तास, झोपेचे तास धरून, तो लावावाच लागतो. ब्रिटनमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑक्सिजन न मिळालेल्या ४५ रुग्णांपैकी ३० पाच वर्षांत दगावले, तर रोज १५ तास मिळालेल्या ४२ पैकी १९. सवय लागण्याच्या भीतीने आपण हाच लाभ गमावत आहात. मात्र धाप वाढली म्हणून प्रवाह स्वतःच्या मनाने वाढवू नका. आपल्यासारख्या रुग्णाला आकडा ८८ ते ९२ दरम्यान पुरतो. त्यापुढे नेल्यास काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सकाळी डोके दुखणे, गुंगी येणे असे त्रास होतात. लांब नळी घेऊन, ऑक्सिजन लावूनच घरात फिरा. नळी लावलेली असताना देवघरातील दिवा, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांच्याजवळ मुळीच जाऊ नका. वीज जाण्याचा प्रश्न असेल, तर एक सिलिंडर भरून ठेवावा.

प्रश्न : मला दोन वर्षांपासून सीओपीडी आहे. व्यायाम म्हणून रोज कपालभाती केली तर चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : माझ्या मते करू नये. आपली अडचण श्वास पूर्ण बाहेर पडण्याची आहे आणि कपालभातीत त्यासाठी वेळच मिळत नाही. श्वास रोखून धरण्याचे प्रकारही टाळावेत. सावकाश, लांब उच्छ्वासाचे प्राणायाम मात्र जरूर करावेत. आपल्याकडे भजनाला बसण्याची रीत असेल, तर तीही उपयोगी आहे, कारण गाताना श्वास आपोआप बेताने आणि लांबवर सोडला जातो. पण यांपैकी कशानेही पायांना बळ येत नाही. चालणे वेगळे करावेच लागेल.

प्रश्न : वय ३८. सहा वर्षांपूर्वी मला क्षयरोग झाला होता. उपचार पूर्ण केले, डॉक्टरांनी बरा झाल्याचे सांगितले. तरी मुंबईत लोकलचा पूल चढताना दम लागतो. मी व्यायाम करू शकतो का?

उत्तर : क्षयाचे जंतू गेले तरी फुप्फुसावर व्रण राहतात आणि श्वासनलिकाही अरुंद होऊ शकतात, म्हणून बरे होऊनही दम लागू शकतो. आधी छातीचा एक्स-रे आणि फुंकण्याची तपासणी करून घ्या. नलिका अरुंद आढळल्या तर पंपाने आराम पडण्याची शक्यता आहे. ताप, वजन घटणे, बेडक्यातून रक्त येणे यांपैकी काही असेल, तर थुंकीची तपासणी प्रथम करावी. हे काही नसेल, तर पहिल्या उत्तरातील चालण्याची रीत आपल्यालाही तशीच लागू आहे. पूल चढताना एका उच्छ्वासात दोन पायऱ्या चढाव्यात, श्वास घेताना थांबावे आणि गर्दीच्या रेट्याबरोबर न जाता कठड्याच्या बाजूने चालावे.