कॉम्प्युटरने दिलेलं भुलीचं इंजेक्शन खरंच कमी दुखतं का?

तुम्ही विचारलंय की खालच्या दाढेच्या रूट कॅनॉलसाठी साध्या सिरिंजऐवजी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने भूल घ्यावी का, कारण मागच्या वेळी इंजेक्शन फार दुखलं आणि भूलही नीट चढली नाही. मी दातांची डॉक्टर आहे, दोन्ही वापरते. तुमच्या या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत. मशीनचा उपयोग पहिलीला होतो, दुसरीला फारसा नाही.

आधी दुखण्याचं बोलू. सगळ्यांना भीती वाटते ती सुईची. पण हिरडी कोरडी करून बधिर करणारं जेल लावलं आणि एक-दोन मिनिटं थांबलं, तर सुईचं टोचणं बऱ्याचदा जेमतेम कळतं. कळ येते ती औषध आत शिरताना. जीभ टाळूला लावून बघा. तिथलं कातडं गालासारखं सैल नाही, हाडाला घट्ट चिकटलेलं आहे. औषधाला पसरायला जागा मिळत नाही, दट्ट्या दाबला की ती जागा पांढरी पडते आणि माणूस खुर्चीत ताठ होतो. शिवाय आत अडथळा लागला की आपला अंगठा नकळत जास्त जोर लावतो. कितीही सराव असला तरी हे होतं, माझंही होतं.

मशीन नेमकं इथे कामाला येतं. 1997 च्या सुमारास ‘द वाँड’ नावाने हे तंत्र बाजारात आलं. हातात पेनसारखी हलकी दांडी, तिला बारीक नळी, आणि औषध ढकलायला मोटर. अडथळा असो-नसो, वेग तोच राहतो, सर्वांत हळू ठेवला तर साधारण दोन सेकंदांना एक थेंब. वरची दाढ काढायला आलेल्या एका बाईंनी टाळूच्या इंजेक्शनचा इतका धसका घेतला होता की खुर्चीचा हात सोडत नव्हत्या. दुसऱ्या मिनिटाला त्यांची बोटं आपोआप सैल झाली. तक्रार एकच होती, औषधाचा थेंब जिभेवर आला तो कडू लागला. टाळूसाठी मी मशीनच निवडते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मला वाटतं, तिथे वेळ जास्त लागतो आणि मूल तेवढा वेळ तोंड उघडं ठेवून थांबत नाही.

आता भूल चढण्याचं. औषध दोन्हीकडे तेच, बहुतेक वेळा बधिर करणारं लिग्नोकेन आणि त्याचा परिणाम टिकवणारं ॲड्रेनालिन. खालच्या दाढांची नस जबड्याच्या आतल्या बाजूने हाडात शिरते, आणि औषध तिच्या जवळ पडलं तरच दाढ बधिर होते. ती जागा माणसागणिक थोडी इकडेतिकडे असते. मशीन ती शोधून देत नाही. त्यात दाढेची नस सुजलेली असेल तर अनुभवी हातांनी दिलेली भूलही अपुरी पडू शकते. मागच्या वेळी तुमचं असंच झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

म्हणून मशीनसाठी दवाखाना बदलू नका. आहेत त्याच डॉक्टरांना मागच्या वेळचं सगळं सांगा आणि औषध सावकाश द्यायला सांगा. आम्हाला शिकवतात तो वेग मिनिटाला 1 मिली, आणि एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सिरिंजमध्ये बसवायच्या औषधाच्या छोट्या नळीत, साधारण 1.8 मिली औषध असतं, म्हणजे पूर्ण द्यायला जवळजवळ दोन मिनिटं हवीत. वीस सेकंदांत रिकामं केलं तर दुखणारच. अशी विनंती केली म्हणून कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणि ओठ जड झाला म्हणजे दाढही बधिर झाली असं धरून चालू नका. ड्रिल सुरू करण्याआधी दाढेला थंड लावून बघायला सांगा. ठणकली तर लगेच हात वर करा. त्या दाढेच्या कडेने, मूळ आणि हाडाच्या मधल्या फटीत थोडं औषध आणखी देता येतं. तिथे दाब बराच लागतो, त्यामुळे मशीन असेल तर ते तेव्हा मागून घ्या.