रात्र उदास नाही

प्रिय मित्रा,

तुझा डेमो हेडफोन लावून ऐकला. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संतकवी जॉन ऑफ द क्रॉसची ‘काळोखी रात्र’ ही कविता ठाण्यातल्या पोरांनी मराठीत, गिटार-सिंथवर गावी, याचं मला फार अप्रूप आहे. म्हणूनच स्पष्ट लिहिते.

तुझी रात्र रडवेली झाली आहे. खाली घुमणारा सिंथ, मायनर कॉर्ड, वर ढीगभर रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा. चाल शीर्षकाला लागली, कविता तशीच राहिली. कडवी पुन्हा वाच. घर निजलंय, नायिका प्रियकराकडे जायला कुणाच्या नकळत बाहेर पडते आणि पहिल्याच कडव्यात स्वतःला भाग्यवान म्हणते. पाचव्यात तर ती रात्र तिला पहाटेहून लोभस वाटते. स्वतःच्याच कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघातल्या लोकांनी स्पेनमधल्या टोलेडोत कोंडलेला जॉन 1578च्या ऑगस्टमध्ये रात्रीच निसटला. त्यानंतरची ही कविता. निसटणाऱ्याची धडधड चालीत हवी. पहिली दोन कडवी नुसत्या गिटारवर, जलद पण दबक्या आवाजात गाऊन बघ.

मग ओळींची लांबी. मूळ स्पॅनिश कडव्यात अक्षरं 7-11-7-7-11. आपला कान अभंगाचा, सहा-सहा-सहा-चार. शेवटी चरण आखडतो. इथे शेवटची ओळ पसरते. तू ती चार मात्रांत बसवायला चिरडली आहेस. तिला तालाचा एक बार जास्त दे.

कोरसमधला ‘येशू’ काढ. आठही कडव्यांत देवाचं नाव नाही, आहे तो फक्त प्रियकर. पॅरिशमध्ये, आपल्या चर्चच्या मंडळीत, कुणी बिचकेल ही भीती समजते मला, पण देवालाच प्रियकर मानणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या विराण्या ऐकलेल्या माणसांना हे सांगावं लागत नाही. आणि गाणारा तू आहेस म्हणून त्या नायिकेचा नायकही करू नकोस.

खरं तर कोरसच नको. कोरस आला की ती दर वेळी दारापाशी परत येते, आणि या कवितेत परतणं नाहीच. शेवटच्या कडव्यात ती स्वतःला विसरते. तिथे आधी ड्रम जाऊ दे, मग बास.

कवितेचा अर्थ सांगणारं निवेदनही गाळ. जॉनने स्वतः लिहायला घेतलेलं भाष्य तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीलाच तुटलंय.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हे गाऊ नकोस. 14 डिसेंबरला जॉन ऑफ द क्रॉसचा सण असतो. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या आवारात त्या संध्याकाळी जागा मिळेल का, फादरना विचार. त्याआधी मला नवं रेकॉर्डिंग पाठव, फक्त आवाज आणि गिटार.

तुझी,
मावशी