जंगलातला रस्ता: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मेळघाट आणि सातपुड्यातल्या इंग्रजी अमदानीतल्या जंगल रस्त्यांबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं डोंगरी रस्त्यांच्या आखणीत आणि दुरुस्तीत काम करणाऱ्यांनी दिली आहेत.

आमच्या गावाजवळ डोंगराच्या अंगाने गेलेला इंग्रजांच्या वेळचा बैलगाडीचा रस्ता अजून जागेवर आहे. नाल्याच्या काठाने केलेला नवा रस्ता मात्र दर पावसाळ्यात तुटतो. जुन्यांनी वेगळं काय केलं होतं? — वाचक, धारणी तालुका

फरक आखणीत आहे. नाल्याकाठची जमीन सपाट असते, खोदाई कमी लागते, म्हणून तिथे रस्ता स्वस्तात होतो. पण वरच्या सगळ्या डोंगराचं पाणी त्याच वाटेने उतरतं. जुने रस्ते डोंगराच्या धारेच्या (माथ्याच्या रांगेच्या) जरा खालून, उताराला धरून नेलेले आहेत. तिथे ओढे लहान असतात आणि पाणी साचायच्या आत पलीकडे उतरवता येतं.

आखणी नेहमी वरून खाली करत. आधी खिंड ठरवायची, कारण डोंगर तिथेच ओलांडायचा असतो. मग खिंडीपासून ठरावीक उतार धरून खुंट्या मारत खाली यायचं. यासाठी घाट ट्रेसर नावाचं साधं यंत्र वापरत: दांड्यावर टांगलेली नळी, नळीवर सरकणारं वजन, आणि समोर तेवढ्याच उंचीची निशाणी घेऊन उभा राहिलेला माणूस. बैलगाडीसाठी १:२० हा चढ चांगला, अगदी थोड्या अंतरासाठी १:१५. म्हणजे ३०० मीटर उंची चढायला १:२०ने ६ किलोमीटर लांबी लागते. ही लांबी वाचवायला गेलं की रस्ता खडा होतो, आणि खड्या रस्त्यावर पाणी वेग घेतं.

गावात हे काम लाकडी ‘अ’ चौकटीने होतं. दोन पायांत बरोबर २ मीटर अंतर ठेवा, वरून ओळंबा सोडा. चौकट सपाटीवर ठेवून आडव्या पट्टीवर ओळंब्याची खूण करा, पाय उलटसुलट करून तपासा. मग एका पायाखाली १० सेंमीचा ठोकळा घट्ट बसवा. ठोकळ्याचा पाय उताराकडे ठेवल्यावर ओळंबा खुणेवर आला, की तिथे उतार बरोबर १:२० आहे. खुंटी मारा, पुढे सरका. दोन माणसं आणि कोयता घेतलेला तिसरा, एवढ्यावर काम होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हे रस्ते सागवान बाहेर काढायला केले होते. भरलेली गाडी खाली उतरणार आणि रिकामी वर जाणार, हा त्यांचा हिशेब. त्यामुळे ते कूप (तोडणीला दिलेले जंगलाचे तुकडे) आणि लाकूड डेपो जोडतात, गावं वाटेत आली तर आली. जुना रस्ता पक्का आहे म्हणून तोच गावाचा रस्ता करा, ही मागणी करण्याआधी तो तुमच्या पाड्यावरून जातो का ते बघा. आखणीची पद्धत मात्र जशीच्या तशी घेण्यासारखी आहे.

गटार दरवर्षी काढतो, तरी पहिल्याच पावसात रस्त्याखालची पाइपाची मोरी तुंबते आणि पाणी रस्त्यावरून जातं. काय चुकतं? — वाचक, अक्कलकुवा

बहुतेक वेळा तारीख चुकते. साग जानेवारीपासून पान टाकायला लागतो आणि उन्हाळाभर टाकत राहतो. मार्चअखेरीला बिल काढायचं म्हणून गटार मार्चमध्ये साफ होतं, त्यानंतर दोन महिने त्यात पानं पडत राहतात. सागाचं पान केवढं मोठं असतं! वळवाच्या पाण्याबरोबर वाहत येऊन ते पाइपाच्या तोंडावर सपाट चिकटतं, त्याच्या मागे काटक्या अडकतात, मग माती बसते. तासाभरात मोरी बंद. म्हणून शेवटची सफाई मेच्या अखेरीस हवी, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच एक फेरी. काढलेला गाळ दरीच्या बाजूला लांब टाका. गटाराच्या काठावर ढीग लावला तर तोच परत आत येतो.

तोंडावर बारीक जाळी लावू नका, ती पानांना धरूनच ठेवते. त्याऐवजी मोरीच्या वर दोन-तीन मीटरवर ओढ्यात मजबूत खुंटांची विरळ रांग ठोका. ओंडके आणि फांद्या तिथे थांबतात, पाणी पुढे जातं. डोंगराच्या बाजूला तोंडाशी गाळखड्डा ठेवा, त्याचा तळ पाइपापेक्षा ३० सेंमी खोल.

पाइप ३०० मिमीचा असेल तर तो तुंबणारच. जंगलात ६०० मिमीच्या खाली जाऊ नये, आणि जमेल तिथे ९०० किंवा १००० घ्यावा, म्हणजे माणूस आत वाकून फावडं चालवू शकतो. पाइपावर किमान ६० सेंमी भराव हवा, नाहीतर भरलेल्या ट्रॅक्टरने तो फुटतो. खालच्या तोंडाशी पाणी मातीवर पडू देऊ नका, मोठे दगड रचून फरसबंदी करा. दरीकडची बाजू तुटायला सुरुवात तिथूनच होते.

मोऱ्यांची संख्याही मोजा. १:२० उतारावर मुरमाड जमिनीत दर ५०-६० मीटरला पाणी पलीकडे उतरवावं लागतं, खडकाळ जागी ९० मीटरपर्यंत चालतं. एवढे पाइप परवडत नाहीत हे खरं. वर्दळ कमी असलेल्या रस्त्यावर त्यांच्या जागी उथळ बाक काढता येतो: रस्त्याच्याच पृष्ठभागात १५-२० मीटर लांबीचा सौम्य खोलगट भाग, दरीकडे ३ ते ५ टक्के उतार दिलेला, खालच्या बाजूला छोटा उंचवटा, आणि तळात दगड बसवलेले. ट्रॉली त्यावरून सहज जाते आणि त्यात तुंबायला काहीच नसतं. आमच्या मते दुर्गम पाड्यांच्या रस्त्यांवर याचा वापर फारच कमी होतो.

मुरूम टाकून दबाई केली, पण दोन पावसांत खडी वर आली. खडीकरणाचं नीट प्रमाण सांगा. — वाचक, चिखलदरा तालुका

७५ मिमी दबलेल्या थरासाठी ६३ ते ४५ मिमीची खडी लागते. १० चौरस मीटरला साधारण ०.९१ ते १.०७ घनमीटर, म्हणजे ३ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब तुकड्याला २७ ते ३२ घनमीटर. ८-१० टनी रोलर कडेपासून मध्याकडे फिरवायचा, वळणावर आतल्या कडेपासून बाहेर. खडी एकमेकांत घट्ट बसल्यावर बारीक चुरी कोरडी पसरून पोकळ्या भरायच्या, मग पाणी मारून झाडणी आणि पुन्हा दबाई, शेवटी बंधनाचा, म्हणजे खडी धरून ठेवणारा मुरूम.

खडी वर येते ती दोन कारणांनी. एक, मुरूम आणि खडी एकदमच टाकली जाते, त्यामुळे खडी खडीवर बसतच नाही, मातीत तरंगते. दुसरं, मुरूम चिकट असतो. पाण्यात कालवून हातावर घेतल्यावर तो मातीसारखा लिबलिबीत झाला आणि दोरी वळता आली तर तो बंधनाला घेऊ नका. मधला उंचवटाही तपासा: खडीच्या रस्त्याला २.५ ते ३ टक्के, नुसत्या मातीच्या रस्त्याला ३ ते ४. तीन मीटर रुंदीला मध्य कडेपेक्षा चार-साडेचार सेंमी उंच येतो.

भराव टाकताना त्यात झाडांची खोडं आणि फांद्या गाडल्या असतील तर त्या कुजून दोन-चार वर्षांत रस्ता खचतो, वरचा थर कितीही चांगला असो. उभ्या डोंगरावर भराव टाकूच नये, पूर्ण रुंदी खोदूनच काढावी.

नाल्यावर पूल होत नाही, रपटा करून देतो म्हणतात. तो टिकेल का? — वाचक, मोखाडा

रपटा म्हणजे नाल्याच्या तळावरची पक्की फरशी, पूर तिच्या वरून जातो. तो टिकतो, जर खालच्या बाजूची भिंत खोल असेल तर. रपटा वरून फुटत नाही, पलीकडून पोखरला जातो. फरशीवरून पडणारं पाणी खाली खड्डा करतं, खड्डा मागे सरकत येतो आणि फरशी अधांतरी राहते. म्हणून दोन्ही बाजूंना आडव्या भिंती हव्यात, खालची वरचीपेक्षा खोल, शक्यतो खडकापर्यंत, आणि तिच्या पुढे मोठे दगड रचून केलेली पिचिंग. फरशीचा मध्य थोडा खोलगट ठेवा, नाहीतर पूर टोकांना वळसा घालून जोडरस्ता नेतो. दोन्ही काठांवर पाण्याची खोली दाखवणारे रंगवलेले खांब लावा. ३० सेंमी वाहतं पाणीसुद्धा लहान मोटार तरंगवू शकतं.

हे जुने रस्ते कोणी बांधले? आणि आज आमच्या ग्रामसभेला तसा रस्ता करायचा असेल तर वनखात्याकडे मागायचं कसं? — वाचक, मेळघाट

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. रेल्वेला स्लीपर हवे होते, इमारतींना सागवान हवं होतं. पचमढीजवळचं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं. डांगमधल्या भिल्ल राजांकडून साग तोडण्याचे पट्टे इंग्रजांनी त्याआधीच, १८४२ मध्ये घेतले होते. जंगल राखीव झालं तिथे रहिवाशांचे हक्क आखडले, आणि रस्त्यावर घाम गाळला तोही त्यांनीच. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात खात्याने वनग्रामं वसवली. कसायला जमीन द्यायची, बदल्यात तोडणीला, वणवा विझवायला आणि रस्त्याच्या कामाला हजर राहायचं. पुष्कळ रस्ते फक्त उघडीपीचे होते: पावसाळ्यात बंद, आणि तो सरला की कोरकू आणि गोंड मजूर टिकाव-घमेली घेऊन ते पुन्हा उभे करायचे. रस्ता टिकला तो या दरवर्षीच्या हातांमुळे. नकाशावर या माणसांचं नाव नाही, ते लिहिलं गेलं पाहिजे.

आजच्या मागणीसाठी वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) बघा. गावाच्या सोयींसाठी, त्यांत रस्ताही येतो, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. झाडतोड हेक्टरी ७५ च्या वर नको आणि ग्रामसभेची शिफारस हवी. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, तेव्हा ५ मीटर रुंदी धरली तर दोन किलोमीटरच्या आत बसतं. ठरावात खुंट्या मारलेली आखणी, लांबी-रुंदी आणि जाणाऱ्या झाडांची जातवार मोजणी जोडा. अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पात वन्यजीव कायद्याच्या अटीही बघाव्या लागतात, त्यामुळे मंजुरी लेखी हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका.

आणि मंजुरी मागतानाच देखभालीचं विचारा. पूर्वी ठरावीक टप्प्याला मैलकुली असायचा, त्याला आपल्या टप्प्यातली प्रत्येक मोरी माहीत असे. पावसाळ्याचे चार महिने गावातलाच एक माणूस मजुरीवर नेमा, असं ठरावातच लिहून घ्या. त्याला फावडं, पहार, कोयता आणि घमेलं द्या, आणि ओल्या मुरमावर ट्रॅक्टर नेऊ न देण्याचा अधिकारही द्या. चाकोरी पाच सेंमी खोल गेली की पाणी गटार सोडून तिच्यातूनच वाहू लागतं.