शांघायची गाडी की चाकणची? फरक २८ लाखांचा आहे

ठाण्याच्या एका वाचकांनी सगळे आकडे मांडून पत्र पाठवलं आहे. वय ४४, पत्नी बँकेत अधिकारी, दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिन्याला २ लाख ६० हजार. गृहकर्जाचा हप्ता ६२ हजार, अजून नऊ वर्षं बाकी. म्युच्युअल फंडांत ४८ लाख, मुदत ठेवीत ९ लाख. मुलगी नववीत. जुनी पेट्रोल गाडी विकून सात लाख येतील. त्यांना टेस्लाची इलेक्ट्रिक मॉडेल वाय घ्यायची आहे. सात लाख जुन्या गाडीचे, १९ लाख फंड मोडून आणि ३५ लाख कर्ज, असा त्यांचा हिशेब. पत्नीचा कल चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या महिंद्राच्या इलेक्ट्रिक एक्सईव्ही ९ई कडे आहे. ते लिहितात, “बाहेरच्या कारखान्यातली गाडी पक्की असते, जास्त वर्षं चालते, विकतानाही किंमत राखते. म्हणजे जादा पैसे वाया जात नाहीत, ते गाडीतच राहतात. बरोबर ना?”

तुमच्या पत्राचा सगळा भार “ते गाडीतच राहतात” या तीन शब्दांवर आहे, म्हणून आधी तेवढंच तपासू.

मॉडेल वाय आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ५९ लाख ८९ हजार होती. मुंबईत रस्त्यावर उतरेपर्यंत साधारण ६१ लाख. नाव अमेरिकन असलं तरी भारतात येणारी गाडी शांघायच्या कारखान्यात बनते. खात्री करायची तर आरसीवरचा चासी नंबर बघा. शांघायच्या टेस्लाचा नंबर ‘एलआरडब्ल्यू’ने सुरू होतो, महिंद्राचा ‘एमए१’ने. पहिलं अक्षर एल म्हणजे चीन, आणि एम नंतर ए ते ई पर्यंतचं अक्षर आलं की भारत.

हीच गाडी त्या वेळी चीनमधल्या ग्राहकाला २ लाख ६३ हजार ५०० युआनला, म्हणजे सुमारे ३१-३२ लाख रुपयांना मिळत होती. ठाण्यात येईपर्यंत त्याचे साठ लाख झाले, ते मुख्यतः आयात शुल्कामुळे. पूर्ण तयार अवस्थेत आणलेल्या गाडीवर आपल्याकडे साधारण ७० टक्के शुल्क बसतं, आणि ४० हजार डॉलरच्या वरची असेल तर ११० टक्क्यांपर्यंत. हा पैसा बॅटरीत गेलेला नाही, मोटरमध्ये नाही, पत्र्यातही नाही. तो सरकारी तिजोरीत गेला. गाडी विकताना तो मागायचा कोणाकडे?

तुम्ही म्हणाल, शुल्क आहे तोवर नवी गाडी महागच राहील आणि जुनीलाही भाव येईल. खरं आहे, पण तो भाव शुल्काच्या जोरावर टिकलेला असतो. शुल्क उतरलं की तोही उतरणार. मार्च २०२४ मध्ये केंद्राने एक योजना आणली: जी कंपनी भारतात कारखान्यासाठी किमान ४,१५० कोटी गुंतवेल, तिला ३५ हजार डॉलरच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्या वर्षाला ८,००० पर्यंत १५ टक्के शुल्कात आणता येणार होत्या. टेस्लाला इथे उत्पादनात रस नाही, असं अवजड उद्योगमंत्री कुमारस्वामी यांनी जून २०२५ मध्ये सांगितलं. पण उद्या टेस्लाचं मत बदललं, किंवा दुसऱ्या एखाद्या कंपनीने याच तोडीची गाडी अशा एखाद्या योजनेच्या वाटेने आणली, तर तुमच्या गाडीची बाजारातली किंमत एका अधिसूचनेने खाली येईल. त्यावर तुमचा काहीही ताबा नाही. साठ लाखांच्या निर्णयात ही जोखीम मला फार मोठी वाटते.

जुळणी इथे झाली की काय होतं, त्याचा नमुना मर्सिडीजने दाखवला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आयात केलेली एएमजी ईक्यूएस ५३ आली २ कोटी ४५ लाखांना. पुढच्याच महिन्यात चाकणला जुळवलेली ईक्यूएस ५८० आली १ कोटी ५५ लाखांना. दोन्ही गाड्या तंतोतंत सारख्या नव्हेत, एएमजी जास्त ताकदीची. तरीही नव्वद लाखांची सगळी तफावत ताकदीची नव्हती. सुटे भाग आणून इथे जुळणी केली की शुल्क कितीतरी कमी बसतं. परदेशी नावाचीच ओढ असेल, तर बीएमडब्ल्यूची लांब व्हीलबेसची आयएक्स१ चेन्नईत जुळवली जाते. जानेवारी २०२५ मध्ये ती ४९ लाखांना आली. तुमच्या मिळकतीत तीही मला जडच वाटते.

आता पक्केपणाचं. शांघायचा कारखाना उत्तम आहे. २०१९ च्या अखेरीस सुरू झाला, तिथल्या गाड्या युरोपातही गेल्या, आणि फिटिंगच्या सफाईबद्दल त्यांचं नाव चांगलं आहे. मॉडेल वाय चांगली गाडी आहे याबद्दल माझा तुमच्याशी वाद नाही. पण इलेक्ट्रिक गाडीचं आयुष्य मुख्यतः बॅटरी ठरवते, आणि तिथे देशी-परदेशी ही रेघ पुसट होते. महिंद्राच्या बॅटरीतले सेल बीवायडीचे, म्हणजे चिनीच आहेत. तुम्ही बघताय त्या रिअर-व्हील मॉडेल वायमध्ये आणि एक्सईव्ही ९ई मध्ये बॅटरीचा प्रकारही एकच, एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट). टेस्ला एकदा पूर्ण चार्ज केल्यावर कंपनीच्या चाचणीत ५०० किलोमीटर सांगते, महिंद्रा ७९ किलोवॅट-तासाच्या बॅटरीवर ६५६. दोन्ही चाचण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने हे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. ठाणे-पुणे रोजच्या वापरात दोन्ही पुरून उरतील, एवढं धरा.

टेस्ला बॅटरीवर आठ वर्षांची हमी देते. महिंद्राने पहिल्या खाजगी मालकाला बॅटरीची आजीवन हमी दिली आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की अटी बदलतात, तेव्हा त्या अटी बुकिंगआधी लेखी घ्या. देशी गाडीची भीती तुम्हाला कशाची वाटते हे मी समजू शकतो. एक्सईव्ही ९ई नव्या इंग्लो प्लॅटफॉर्मवरची पहिल्या पिढीची गाडी आहे, आणि अशा गाडीत सॉफ्टवेअरच्या कुरबुरी निघू शकतात. पण कुरबूर निघाली तर ती घेऊन जायला वर्कशॉप कुठे आहे, हाही पैशाचाच प्रश्न. तुम्ही दर गणपतीला देवरुखला जाता असं लिहिलंय. परतीच्या वाटेवर कुणी मागून ठोकलं आणि मागचा बंपर, दिवा गेला, तर तो भाग कुठून आणि किती दिवसांत येणार, हे दोन्ही शोरूममध्ये विचारा. शिवाय प्लास्टिक, रबर आणि बॅटरीच्या भागांवर साध्या विमा पॉलिसीत निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते. कोणतीही गाडी घ्या, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं विम्याचं जोडकवच, घ्याच.

सरकारी सवलतींनी निकाल लागत नाही. जीएसटी दोन्हींवर ५ टक्के. अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवरची टोलमाफी दोन्हींना. महाराष्ट्रात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मार्च २०२५ मध्ये मागे घेतला गेला. आणि कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची वजावट तुम्ही हिशेबात धरली आहे, ती कृपया काढा. कलम ८०ईईबी ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतंच होतं.

मग उरतं गणित. ३५ लाख, ९ टक्के, सात वर्षं: हप्ता सुमारे ५६,३०० आणि एकूण व्याज १२ लाखांच्या वर. गृहकर्ज धरून १ लाख १८ हजार, म्हणजे पगाराच्या ४५ टक्के हप्त्यांतच. एक्सईव्ही ९ई ची वरची श्रेणी सुरुवातीच्या किमतीने ३० लाख ५० हजार. विम्यासकट ३३ लाख धरू. सात लाख जुन्या गाडीचे, ११ लाख फंडांतून, १५ लाख कर्ज पाच वर्षांसाठी. हप्ता ३१,१०० च्या आसपास.

हा फरक बाजूला ठेवत गेलात तर काय होईल? फंडांतले आठ लाख हलले नाहीत, पाच वर्षं महिन्याला २५ हजार आणि पुढची दोन वर्षं ५६ हजार गुंतवले, परतावा १० टक्के धरला, तर सातव्या वर्षाच्या शेवटी सुमारे ५४ लाख जमतात. परतावा कमी-जास्त होईल, पण तुमच्या बाजूने अगदी उदार होऊन बघू. सात वर्षांनी टेस्लाला किमतीच्या ४० टक्के आले आणि महिंद्राला फक्त २५ टक्के, तरी दोघींतला फरक १६-१७ लाखांचा. एका बाजूला ५४, दुसऱ्या बाजूला १७. तेव्हा मुलगी पदवी संपवून पुढच्या शिक्षणाचे अर्ज भरत असेल. पत्रात तिच्या शिक्षणासाठी वेगळी रक्कम कुठेच दिसली नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: चाकणची गाडी घ्या. मॉडेल वायचाच ध्यास असेल तर तीन वर्षं थांबा. तोपर्यंत शुल्काचं चित्रही बदललेलं असू शकेल. आणि कधीही घेतलीत तरी २०२५ मध्ये सहा लाखांना मिळणारं सेल्फ-ड्रायव्हिंग पॅकेज आज घेऊ नका, आपल्या रस्त्यांवर ते वापरताच येत नाही.

फंड मोडताना ११ लाख एकदम काढू नका. अर्धे मार्चमध्ये, अर्धे एप्रिलमध्ये काढलेत तर इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावरची सव्वा लाखाची सूट दोन्ही आर्थिक वर्षांत मिळेल. वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. मुदत ठेवीला हात लावू नका. शोरूममध्ये १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला प्राप्तिकर) कापतील, तो विवरणपत्रात जमा दाखवून घ्या, तीस हजारांच्या आसपास रक्कम आहे.

आणि एक गोष्ट पत्रात सहज येऊन गेली, ती हातची सोडू नका. बँका आपल्या कर्मचाऱ्यांना वाहनकर्ज सवलतीच्या दराने देतात. स्टेट बँकेच्या दरापेक्षा जेवढा दर कमी, तेवढ्या फरकावर पत्नीला परक्विझिटचा, म्हणजे नोकरीतून मिळालेल्या सवलतीवरचा, कर लागू शकतो, तरीही शोरूमने पुढे केलेल्या कर्जापेक्षा ते बहुधा स्वस्त पडेल. त्यासाठी गाडी पत्नीच्या नावावर नोंदवावी लागेल. बॅटरीची आजीवन हमी पहिल्या मालकाच्या नावाशी जोडलेली आहे, म्हणून नाव कोणाचं हे बुकिंगच्या दिवशीच ठरवा. नंतर बदलायला जाऊ नका.