शहराच्या कडेला अर्धा एकर असेल तर त्यावर घर चालतं का?

तुम्ही विचारलंय की शहराला खेटून असलेल्या अर्ध्या एकरावर भाजीपाला करून घर चालेल का, आणि एकाचा पगार येत असताना ही उठाठेव करावी का. निव्वळ तेवढ्यावर घर चालणार नाही, असंच धरून चला. उठाठेव मात्र करावी, पण काही अटींवर. बरीच वर्षं अशा घरांचे हिशेब त्यांच्याबरोबर बसून मांडलेत, त्यावरून सांगतो.

सगळे वर्षाकाठी किती सुटतात ते विचारतात. मी आधी पैसा कधी येतो ते बघतो. पगार पहिल्या आठवड्यात येतो आणि विसाव्या तारखेपर्यंत आटतो. पालक, मुळा, कोथिंबीर महिना-दीड महिन्यात काढायला येतात. सगळे वाफे एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरले तर दर आठवड्याला थोडंफार विकायला निघतं. रक्कम किरकोळ असते, पण महिनाअखेरची उसनवारी टळते, आणि व्याजाने घेणाऱ्या घराला ती टळणं म्हणजेच मोठी कमाई.

घरी खाल्लेल्या भाजीचा हिशेब बहुतेक जण चुकवतात. ती घाऊक भावाने धरतात, किंवा धरतच नाहीत. अहो, पिकवली नसती तर तुम्ही ती किरकोळ भावानेच विकत आणली असती ना? मग तोच भाव लावा.

मजुरीचं उलटं आहे. घरच्यांच्या कामाला बाहेरची मजुरी लावली तर कागदावर शेती बहुधा तोट्यात दिसते. ज्यांना बाहेर काम मिळत नाही, त्यांच्या तासांना तो भाव लावण्यात अर्थ नाही, हे खरं. पण पहाटे तोडणी करून जुड्या बांधणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते, आणि तिला नंतर स्वयंपाकही चुकत नाही. तिला बाहेर बऱ्या पगाराचं काम मिळत असेल तर सगळं गणित बदलतं. विक्रीचे पैसे कुणाच्या हातात राहतात, तेही आधीच ठरवा.

काय लावायचं? फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ साली मांडलं होतं की शहराभोवतीच्या पहिल्या कड्यात दूध आणि नाशवंत भाजीपाला परवडतो, कारण तो लांबून आणता येत नाही. तेव्हा बैलगाड्या-घोडागाड्या होत्या. आता कांदे-बटाटे शेकडो किलोमीटरवरून ट्रकने येतात, त्यांच्याशी अर्ध्या एकरावर स्पर्धा करू नका. दुपारपर्यंत माना टाकणारी पालेभाजी मात्र अजून जवळच्याचीच आहे.

हीच जवळीक दुसरीकडे अंगावर येते. शहर सरकत येतं, जमिनीचा भाव चढतो आणि मालक गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो. जमीन तुमच्या नावावर आहे की तोंडी बोलीवर कसायला घेतलीय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तोंडी असेल तर उचलून नेता येईल अशाच वस्तूंवर पैसा घाला, म्हणजे पंप, पाइप, अवजारं. फळझाडं लावू नका, विहीर तर नाहीच. विक्री झाली की मालकाला रक्कम मिळते आणि कसणाऱ्याला पुढचा तुकडा शोधावा लागतो, असं मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे आजारपणाचा खर्च सगळा नफा खाऊन टाकतो. शहराच्या कडेला बारमाही पाणी अनेकदा सांडपाण्याचंच असतं. त्यात नत्र-स्फुरद असतं, पीक तरारून येतं, आणि जंतांची अंडीही येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचना एकाच उपायावर विसंबत नाहीत, एकामागून एक अडसर उभे करायला सांगतात: पाणी साठवून गाळ बसू देणं, पानांवर न उडवता मुळाशी देणं, काढणीआधी काही दिवस ते पाणी तोडणं, नंतर स्वच्छ पाण्याने धुणं. वाफ्यात बूट-हातमोजे घाला. कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर खाण्याचं काहीच लावू नका. पालेभाज्या त्यातलं कॅडमियम, म्हणजे एक विषारी धातू, शोषून घेतात आणि ते धुऊन जात नाही.

पहिल्या वर्षी चौथा हिस्साच करा. जमीन कुणाची आणि पाणी कुठलं, एवढं कळवलंत तर पिकांचं नेमकं सांगता येईल.