थंडीत बागेत वेगळं काय लावाल?

शेवंती-झेंडू सगळेच लावतात हो, तुम्ही पुण्यात असाल तर शोभेचा कोबी आणाच, रात्री 10-12 अंशांवर आल्या की मधली पानं मस्त जांभळी-गुलाबी होतात, फक्त अळ्या बघत जा, त्यांच्या लेखी ती भाजीच.

कंपाउंडला जागा असेल तर संक्रांतवेल, मूळची ब्राझीलची, जानेवारीत नुसती केशरी होते. ऊन भरपूर पाहिजे आणि छाटणी फुलं संपल्यावरच, दिवाळीत कात्री लावलीत तर कळ्या गेल्याच समजा.

पॉइन्सेटियाचं (नाताळात वरची पानं लालभडक होतात ते कुंडीतलं झाड) तंत्र वेगळं, त्याला ऑक्टोबरपासून साधारण दोन महिने रोज रात्री 13-14 तास सलग अंधार लागतो, म्हणून बाल्कनीच्या लाइटखाली तो हिरवाच राहतो आणि लोक उगाच खत ओतत बसतात. संध्याकाळी कुंडीवर खोकं घाला, सकाळी काढा.